नव्या नोकरीचा निरोप

कल्याणनजीकच्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात १६ मार्च १९६३ रोजी एक तरुण शिफ्ट सुपरवायझर म्हणून रुजू झाला आणि त्याच दिवशी त्याने पाच वर्षांच्या करारनाम्यावर स्वाक्षरी केली. मोटारीच्या टायरला आतून बळकटी देणारा जो धागा असतो, तो तयार करण्याचे तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांकडून १,४०,००० जर्मन मार्क देऊ करून मिळवले होते. आणि ते गुप्त राखण्याचे वचन या परदेशी कंपन्यांना दिलेले असल्यामुळे, ते तंत्र हाताळणाऱ्या नोकरांकडूनही तसेच वचन लिहून घेणे तिला क्रमप्राप्त होते. मार्च ते डिसेंबर या काळात त्या तरुणाला त्या कामाचे रीतसर प्रशिक्षण मिळाले. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस मात्र तो प्रथम काही दिवस गैरहजर राहिला, नंतर त्याने किरकोळ रजा घेतली, लगोलग अठ्ठावीस दिवसांच्या हक्काच्या रजेचा अर्ज ठेवला, आणि त्या अर्जावर काय हुकूम होतो हे पाहण्यास न थांबता तो निघून गेला. आपण ३० सप्टेंबरपासूनच राजीनामा दिलेला आहे, हे त्याने कंपनीला कळवले ते ३१ ऑक्टोबर रोजी. राजीनामा मंजूर झालेला नाही, सबब कामावर हजर व्हावे, असे कंपनीने नोव्हेंबरात लिहिले. तेव्हा उत्तर आले की, आपण दुसरीकडे नोकरी पत्करली आहे. ती नोकरी राजस्थानात कोटा येथे होती, तोच धागा तयार करणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात होती, आणि तिचा पगार दरमहा ५६० रुपये, म्हणजे कल्याणच्या पगारापेक्षा अधिक होता.

कंपनीने कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. सहा महिन्यांच्या वेतनाइतकी, म्हणजे २,४१० रुपयांची भरपाई तिला मंजूर झाली. शिवाय १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे कराराची मुदत संपेपर्यंत, त्या तरुणाने हिंदुस्थानात कोठेही टायरच्या धाग्याच्या निर्मितीत शिफ्ट सुपरवायझरचे वा तत्सम काम करू नये, असा मनाईहुकूमही निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. आणि १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, तेव्हा एका नोकरी बदलण्याच्या प्रकरणाला कायमचे स्थान मिळाले. आज साठ वर्षांनंतरही, नोकरी मध्येच सोडण्याचा वाद कोर्टात गेला की दोन्ही बाजूंचे वकील तो निवाडा उघडतात.

त्या निवाड्याचा लोकांत रुजलेला अर्थ ‘करार मोडून गेलास तर कोर्ट अडवील’ एवढाच आहे. मूळ मजकूर शांतपणे वाचला म्हणजे ध्यानात येते की, न्यायालयाने त्या तरुणाची उपजीविका रोखली नव्हती. तो दुसऱ्या कोणत्याही उद्योगात जाऊ शकत होता. रेयॉनच्या धंद्यातही, त्या विशिष्ट धाग्याचे ते विशिष्ट काम वगळून, त्याला मज्जाव नव्हता. मनाई होती ती एका धाग्यापुरती, एका कामापुरती आणि त्याने स्वखुशीने मान्य केलेल्या मुदतीपुरती. व्यापाराला किंवा व्यवसायाला आडकाठी करणारा करार निरर्थक ठरविणारे १८७२ च्या करार अधिनियमाचे २७ वे कलम न्यायालयापुढे होतेच. परंतु नोकरीची मुदत चालू असताना ‘मी अन्यत्र हेच काम करणार नाही’ असे म्हणणे आणि नोकरी संपल्यावरही माणसाचे हात बांधून ठेवणे, या दोहोंत त्या न्यायमूर्तींनी जो भेद केला, तो पुढच्या सर्व निवाड्यांचा पाया ठरला. श्रीरामपूरच्या मातीत वाढलेला जलदगती गोलंदाज झहीर खान आणि त्याचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी यांच्यातील वादात, मुदत संपल्यानंतरही खेळाडूला जखडू पाहणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्दबातल ठरवली, ती याच भेदाच्या आधारे.

अधिक चांगली संधी आली म्हणून नुकतीच धरलेली नोकरी सोडणे, यात लज्जास्पद असे काही नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्या पिढीत घरात एक पगार यायचा, तो मिळविण्यासाठी ओळखीपाळखी लावाव्या लागायच्या आणि चिकटलेली नोकरी निवृत्तीपर्यंत पोटाशी धरावी लागायची, त्या पिढीला सहा महिन्यांत नोकरी सोडणारा मुलगा चंचल वाटे, आणि ज्याने ती नोकरी लावून दिली त्या मामाच्या अथवा शेजाऱ्याच्या तोंडावर काळिमा फासल्यासारखे वाटे. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडची फार जुनी शिकवण. तिचे मोल कमी नाही; परंतु ज्या नोकरीचा पाया लेखी करार आहे आणि जिच्यात दोन्ही पक्षांनी एकमेकांना सोडण्याची रीत आधीच लिहून ठेवली आहे, तेथे मिठाला जागणे म्हणजे ती रीत पाळणे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, निघून जाण्याची एक किंमत असते, ती बहुधा नियुक्तीपत्रातच लिहिलेली असते, आणि ती उघडपणे, वेळेवर व पुरती मोजणारा माणूस कोणाचे देणे लागत नाही.

या म्हणण्याचा पुरावा अलीकडच्या दुसऱ्या प्रकरणात सापडतो. विजया बँकेत १९९९ पासून असलेल्या एका अधिकाऱ्याची, २००६ च्या भरतीच्या जाहिरातीला अनुसरून, वरिष्ठ व्यवस्थापक या नव्या पदावर नेमणूक झाली आणि २८ सप्टेंबर २००७ रोजी तो त्या पदावर रुजू झाला. नियुक्तीपत्रात अट होती की, किमान तीन वर्षे सेवा करावी. तत्पूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये बँकेला द्यावेत. १७ जुलै २००९ रोजी, मुदत पुरी होण्यास वर्षाहून अधिक काळ असताना, त्याने आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. १६ ऑक्टोबरला, आपली हरकत नोंदवून, दोन लाख रुपये भरले. आणि मग त्या अटीविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बँकेची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला आपल्या मर्जीने कोणालाही बोलावून रिकाम्या खुर्चीवर बसवता येत नाही. जाहिरात, परीक्षा, मुलाखत ही खर्चाची आणि वेळखाऊ प्रक्रिया तिला पुन्हा करावी लागते. आणि त्या हुद्द्याच्या वेतनमानाकडे पाहता दोन लाख ही रक्कम राजीनामाच अशक्य करून टाकील इतकी जबर नाही, असा न्यायालयाचा विचार होता. या निवाड्यातही १९६७ च्या कल्याणच्या प्रकरणाचा आधार घेतलेला आहे.

दोन्ही प्रकरणांत जाणारा माणूस हरला, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु त्यांच्यातील अंतर केवढे आहे! बँकेच्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला, पैसे मोजले, हरकत असूनही मोजले, आणि तो नव्या नोकरीत गेला. त्याला कोणी अडवले नाही, आणि वाद उरला तो मोजलेली रक्कम परत मिळण्यापुरता. कल्याणचा तरुण रजेच्या अर्जाआड निघून गेला, राजीनामा महिन्याने मागे नेऊन कळविला, आणि अखेर पैसेही गेले व ते कामही गेले. एकाने दाराने बाहेर पडून दाराच्या रुंदीबद्दल तक्रार केली; दुसरा खिडकीतून उतरला. कायदा दोघांकडे एकाच भिंगातून पाहत असला, तरी त्या दोघांचे पुढचे आयुष्य या फरकानेच वेगळे झाले.

दाराने बाहेर पडायचे तर पहिली गोष्ट क्रमाची. नवी जागा मिळाल्याचे लेखी पत्र हाती आल्याखेरीज, त्यातील पगार, हुद्दा, रुजू होण्याची तारीख आणि अटी नीट वाचल्याखेरीज, जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. मुलाखत घेणाऱ्याने फोनवर दिलेला शब्द कितीही गोड असला, तरी त्यावर घराचा हप्ता फिटत नाही. पत्र आल्यानंतर मात्र विलंब लावू नये, आणि बातमी प्रथम आपल्या लगतच्या वरिष्ठाला समक्ष सांगावी. शेजारच्या टेबलाकडून ती त्याच्या कानी जाणे हा त्याचा अपमान असतो आणि आपल्यालाही तो महागात पडतो. अशा वेळी वरिष्ठ बहुधा पगार वाढवून देण्याची गोष्ट काढतो. निर्णय झालेला असेल तर ती वाटाघाट सुरूच होऊ न देणे हे त्याच्यावर आणि स्वतःवर केलेले उपकार आहेत. कारण नव्या जागेचे पत्र दाखवून जुन्या जागी वाढ पदरात पाडून घेणारा माणूस राहतो तेव्हा संशयाचा धनी होऊन राहतो, आणि नव्या जागी शब्द फिरवणारा म्हणून नोंदला जातो.

राजीनाम्याचे पत्र किती लांब असावे, याविषयी महाराष्ट्राच्या इतिहासात एक विलक्षण दाखला आहे. डिसेंबर १८९० मध्ये बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, तो पानेच्या पाने भरेल एवढा दीर्घ होता. वीस वर्षे अल्प वेतनावर, दरमहा पंचाहत्तर रुपयांवर, संस्थेला वाहून घ्यावे आणि बाहेरची मिळकत करू नये, या आजीव सदस्यांच्या व्रताला सहकाऱ्यांनी पाडलेल्या फटी त्यांनी त्यात एकेक करून मांडल्या. पण टिळक ती संस्था उभारणाऱ्यांपैकी होते. ज्या तत्त्वावर ती उभी होती त्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्यांच्याकडे होते, आणि ते अधिक पगारासाठी जात नव्हते. जो अधिक पगारासाठी, अधिक चांगल्या कामासाठी किंवा घराजवळच्या गावासाठी जात आहे, त्याला लिहिण्यासारखे थोडेच असते आणि त्याने थोडेच लिहावे: पदाचे नाव, राजीनाम्याची तारीख, पूर्वसूचनेची मुदत धरून कार्यमुक्तीचा अपेक्षित दिवस, आणि कार्यभार रीतसर सोपविण्याची तयारी. आभाराचे एक वाक्य पुरे. साहेबांचा स्वभाव, वातानुकूलनाचा आवाज, डावलली गेलेली बढती, हे सारे लिहिण्याचा मोह आवरावा. ते पत्र दप्तरी लागते, आणि दप्तरातला कागद लिहिणाऱ्याची मनःस्थिती विसरून फक्त शब्द जपून ठेवतो.

शासकीय सेवेत ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. ग्रामीण महाराष्ट्रात स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांतून निघालेला तरुण प्रथम जी जागा मिळेल ती पत्करतो, तलाठ्याची असो वा लिपिकाची, आणि रुजू झाल्यावरही रात्री अभ्यास चालू ठेवतो. मग वर्षा-दोन वर्षांत वरच्या परीक्षेचा निकाल लागतो आणि राजीनाम्याची वेळ येते. ज्याने दुसरा अर्ज ‘योग्य मार्गाने’, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन केलेला असतो, त्याचे सोपे असते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील ४६ व्या नियमानुसार राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते; परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने शासनातच दुसरे पद स्वीकारण्यासाठी दिलेला राजीनामा, ज्याला कचेऱ्यांत ‘तांत्रिक राजीनामा’ म्हणतात, त्याने ती जप्त होत नाही. तोच माणूस, तीच दोन पदे आणि तीच वर्षे. फरक काय तो एका परवानगीच्या कागदाचा, आणि तो कागद नसला तर मागची सेवा हिशेबातून पुसली जाते. खेरीज, शासकीय सेवकाचा राजीनामा तो मंजूर झाल्याखेरीज परिणामकारक होत नाही आणि तोवर मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून टपालात पत्र टाकून निघून जाणारा सेवक स्वतःच्या लेखी मुक्त आणि शासनाच्या लेखी अनधिकृतपणे गैरहजर असतो.

कार्यभार सोपविणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर तलाठ्याचे दप्तर पाहावे. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे. गावकरी अजून तलाठीच म्हणतात. त्याच्याकडे एकवीस गाव नमुने असतात: जमिनीतील हक्कांचे बदल टिपणारी सहा क्रमांकाची फेरफार नोंदवही, सर्वांच्या तोंडी असलेला सात-बारा, खातेदारनिहाय आठ-अ, वसुलीच्या पावत्या, पीकपाहणी. निघणाऱ्याने येणाऱ्यापुढे हे एकेक ठेवावे, यादीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात, कपाटाची किल्ली आणि शिक्का हस्तांतरित व्हावा, अशी पूर्वापार रीत आहे. हल्ली यात संगणकाची भर पडली आहे. ई-फेरफार प्रणालीत काम करण्यासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरी, तलाठ्यांच्या भाषेत ‘डोंगल’, ही त्या व्यक्तीच्या नावाची असते. ती व्यक्ती न सांगता निघून गेली, तर नवा माणूस येईपर्यंत किंवा शेजारच्या सजाच्या तलाठ्याकडे अतिरिक्त कार्यभार सोपविला जाईपर्यंत गावाच्या नोंदी जागच्या जागी थांबतात. बाप वारल्यावर वारसनोंदीसाठी खेपा घालणारी बाई, पीककर्जासाठी सात-बारावर बोजा चढवून घेऊ पाहणारा शेतकरी, यांना साहेब कोणत्या वरच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले याचे कौतुक असते, पण त्यांचे काम त्या कौतुकाने होत नाही. प्रलंबित नोंदींची एक स्वच्छ यादी, कोणती कोणत्या कारणाने अडली आहे या शेऱ्यासह, मागे ठेवून जाणारा तलाठी त्या गावाचे देणे फेडून जातो.

रुजू होण्याआधीच बाजूला होणे, ही या साऱ्याहून सरस रीत होय. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने गेल्या काही वर्षांत उमेदवारांना, तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यानंतर आणि अंतिम शिफारस होण्यापूर्वी, भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प दिला आहे. विद्यार्थी त्याला ‘ऑप्टिंग आउट’ म्हणतात. ज्याच्या हाती आधीच त्याहून मोठे पद आहे त्याने हा विकल्प घेतला, तर यादीतील खालच्या क्रमांकाचा एक उमेदवार वर सरकतो. तो न घेता शिफारस स्वीकारून नंतर रुजूच न होणारा, किंवा आठ दिवस हजेरी लावून निघून जाणारा, स्वतः काही गमावत नाही. गमावतो तो कोणी दुसरा, ज्याचे वय भरतीच्या मर्यादेकडे सरकत असते. वरच्या पदावर निवडल्या गेलेल्यांनी हा विकल्प घ्यावा, अशी विनंती करणारे उमेदवार निकालाच्या मोसमात अभ्यासिका-अभ्यासिकांतून दिसतात, आणि ती भीक नसते. आपली जागा कोणाच्या नुसत्या नावाखाली अडून राहू नये, ही न्याय्य मागणी असते.

आता दुसरा पक्ष. नोकरी देणाऱ्यांनी या व्यवहारात नेहमी हात स्वच्छ ठेवले आहेत, असे म्हणता यावयाचे नाही. पुण्याच्या हिंजवडी-खराडी पट्ट्यातील संगणक कंपन्यांत पूर्वसूचनेची मुदत नव्वद दिवसांची असणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. कित्येक ठिकाणी परिवीक्षेच्या काळातही ती तितकीच असते, आणि नव्या कंपनीला माणूस तर महिन्याभरात हवा असतो. मग ‘नोटीस विकत घेणे’ हा प्रकार येतो, म्हणजे उरलेल्या दिवसांचे वेतन भरून सुटका. पण ती मान्य करणे वा न करणे बहुधा कंपनीच्या मर्जीवर ठेवलेले असते. कार्यमुक्तीचे पत्र महिनोन्‌महिने अडवून ठेवणे, हे तर उघडउघड ओलीस धरणे आहे. कारण त्या कागदावाचून पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी-पडताळणी पुरी होत नाही. २०२२ मध्ये इन्फोसिसच्या एका अटीवरून, जिच्यान्वये नोकरी सोडल्यावर सहा महिने काही प्रतिस्पर्धी कंपन्यांत जाऊन त्याच ग्राहकाचे काम करण्यास मज्जाव होता, पुण्यातील संगणक कर्मचाऱ्यांच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा करार अधिनियमाचे २७ वे कलम पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. हिशेबाच्या बाबतीत मात्र कायदा आता स्पष्ट आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे.

या जाचामुळे काही तरुण एक पळवाट शोधतात: दोन महिन्यांची नोकरी अर्जात दाखवायचीच नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याला जो एकच सार्वत्रिक क्रमांक मिळतो, त्याखाली प्रत्येक मालकाची नोंद आपोआप जमा होत जाते. तेव्हा ही पळवाट बंद झाल्यातच जमा आहे, आणि दडवलेली अल्पकाळची नोकरी उघडकीस आली की ती सोडल्यापेक्षा दडवल्याबद्दल नवी कंपनी अधिक खट्टू होते. ‘दोन महिने तेथे होतो, हे काम मिळाले म्हणून रीतसर राजीनामा दिला, कार्यमुक्तीचे पत्र सोबत जोडले आहे’ हे एक वाक्य पुरते आणि ते कोणत्याही पडताळणीला तोंड देते.

मालक जाचक असेल, मुदत अन्यायाची असेल, अट अवैध वाटत असेल, तरी रीत सोडण्याचे ते कारण होत नाही. उलट अशाच वेळी ती अधिक कसोशीने पाळावी. हरकत नोंदवावी, पण लेखी. पैसे भरावेत, पण हरकत राखून. दाद मागावी, पण कार्यभार सोपवून. रीतीने गेलेल्या माणसाला मालकाच्या अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची जागा शिल्लक असते, कारण त्याच्या बाजूचा कागद पुरा असतो. न सांगता गेलेल्याची न्याय्य तक्रारही त्याच्या गैरहजेरीखाली गाडली जाते. नोकऱ्या यापुढे वरचेवर बदलल्या जाणार, आणि बदलाव्यातही. ज्या देशात एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात तेथे प्रत्येक सुटलेली जागा कोणासाठी तरी उघडलेली असते. ती वेळेवर आणि नीट उघडून देणे, एवढे तरी जाणाऱ्याच्या हाती पुरते असते.